ब्रिज फायरवॉलवर एमबफ संपतात की सांडतात, आधी ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रीबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पीएफ हा पॅकेट फिल्टर लावून केलेली ट्रान्सपरंट फायरवॉल, म्हणजे राउटिंग न करता मधे बसून ट्रॅफिक गाळणारी, दोन पोर्टचा ब्रिज (एका पोर्टवरचं पॅकेट स्विचसारखं दुसऱ्यावर देणारा) आणि तिसरा पोर्ट मॅनेजमेंटला, कार्ड इंटेलचं आय३५० चार पोर्टवालं. जुन्या दोन कोरच्या मशिनवर ९ व्हर्जनपासून व्यवस्थित चालत होतं, आता आठ कोर आणि ८ जीबी रॅमच्या नव्या बॉक्सवर १३ टाकून जुनं लोडर.कॉन्फ (बूट होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) तसंच उचलून आणलं, आणि काही दिवसांत नेटवर्क ठप्प, कन्सोलवर 'एमबफ क्लस्टर, एनएमबीक्लस्टर्स लिमिट रीच्ड' असा मेसेज, म्हणजे नेटवर्कच्या बफरची मर्यादा गाठली. लिमिट २५६०० वरून ५१२०० केलं, काही आठवडे शांत गेले, मग परत तेच, आणि ह्या वेळी ठप्प न होता सरळ पॅनिक होऊन, म्हणजे कर्नलच कोसळून, रीबूट. आता एक लाख करू की दहा लाख करू, असं विचारलंय.

थांबा राव, आकडा नंतर ठरवू. पहिल्या वेळी झालेलं आणि दुसऱ्या वेळी झालेलं हे एकच दुखणं आहे असं धरून तुम्ही चाललाय, आणि मला तसं अजिबात वाटत नाहीये. बफर संपले तर फ्रीबीएसडी साधारणपणे पॅनिक होत नाही, पॅकेट टाकून देतो, मेसेज छापतो आणि नेटवर्क गळाठतं, मशिन जिवंतच असतं. पॅनिक झालं म्हणजे कर्नलमधल्या कुठल्यातरी कोडने चुकीच्या पत्त्यावर हात घातला. त्यामुळे पहिल्याचं उत्तर हिशोबात आहे आणि दुसऱ्याचं क्रॅश डंपमध्ये, म्हणजे कोसळताना कर्नलने लिहून ठेवलेल्या मेमरीच्या प्रतीत.

हिशोब आधी घेऊ. एमबफ म्हणजे २५६ बाइटचा छोटा डबा, त्यात पॅकेटची माहिती आणि जमलं तर थोडा डेटा, आणि पूर्ण इथरनेट फ्रेम ठेवायची तर त्याला २०४८ बाइटचं क्लस्टर जोडतात. कार्डाच्या रिसीव्ह रिंगमधल्या (येणाऱ्या पॅकेटच्या गोल रांगेतल्या) प्रत्येक डिस्क्रिप्टरला, म्हणजे रांगेतल्या प्रत्येक जागेला, एक क्लस्टर आधीच देऊन ठेवावं लागतं, पॅकेट यायच्या आधी, कारण कार्ड डीएमएने, म्हणजे सीपीयूला मधे न घेता, थेट त्यातच लिहितं. आता आय३५० च्या प्रत्येक पोर्टला ८ क्यू, म्हणजे अशा वेगवेगळ्या रिंग, मिळतात, ड्रायव्हर क्यूची संख्या कोर बघून ठरवतो, म्हणजे दोन कोरला २ आणि आठ कोरला ८. प्रत्येक क्यूला डीफॉल्ट १०२४ डिस्क्रिप्टर. तीन पोर्ट गुणिले ८ गुणिले १०२४ म्हणजे २४५७६. तुमचं लिमिट होतं २५६००. म्हणजे सगळ्या रिंग भरल्यावर अख्ख्या मशिनला उरली १०२४ क्लस्टर्स, त्यातच ट्रान्समिटच्या रांगा, सॉकेट, फ्रॅगमेंट सगळं. जुन्या बॉक्सवर ह्याच रिंगांना फार तर ६१४४ लागत होती म्हणून कधी काही जाणवलं नाही.

मग पहिल्याच दिवशी का नाही मेलं? कारण १२ पासून हे ड्रायव्हर आयएफलिब नावाच्या कॉमन थरावर गेलेत आणि तो सुरुवातीला प्रत्येक क्यूला जेमतेम १२८ क्लस्टर्स भरतो, बाकीची त्या क्यूवर ट्रॅफिक यायला लागलं की. सगळ्या क्यू कामाला लागायला वेळ जातो, विशेषतः मॅनेजमेंटच्या पोर्टवर, म्हणून आलेख हळूहळू चढताना दिसतो आणि लोक लगेच 'लीक आहे, लीक आहे' म्हणून ओरडतात. लीक म्हणजे घेतलेले बफर परत न सोडणं, ते चढतच राहतं, हे एका पातळीवर जाऊन सपाट होतं. तुमच्याकडे ती पातळी छताला टेकलेली होती एवढंच.

आणि त्याच आयएफलिबमुळे तुमच्या लोडर.कॉन्फमधल्या 'एचडब्ल्यू.आयजीबी' ने सुरू होणाऱ्या क्यूच्या आणि डिस्क्रिप्टरच्या ओळी आता कुणी वाचतच नाही. तुम्हाला वाटतंय क्यू १ वर बांधलीय, बूटचे मेसेज काढून बघा, 'युजिंग ८ आरएक्स क्यूज' असंच असणार. क्यू कमी करायच्या असतील तर आता 'डेव्ह.आयजीबी.०.आयएफलिब.ओव्हरराइड_एनआरएक्सक्यूज' असं प्रत्येक पोर्टला वेगळं द्यावं लागतं. २५६०० हा आकडा सुद्धा जुन्या काळचा, मॅक्सयूझर्स (कर्नलची एक जुनी सेटिंग) ३८४ गुणिले ६४ अधिक १०२४ एवढंच त्याचं गणित. १० पासून कर्नल रॅम बघून लिमिट स्वतःच ठरवतो, ८ जीबीच्या मशिनवर ते पाच लाखांच्या आसपास जातं. म्हणजे जुनी ओळख म्हणून तुम्ही जपून आणलेली ती ओळच नव्या मशिनचा गळा आवळत होती. ती ओळ काढा, एवढ्याने पहिला भाग संपला.

आता दहा लाखांबद्दल. लिमिट हे राखून ठेवलेलं नसतं, ती फक्त वरची मर्यादा आहे, त्यामुळे दहा लाख लिहिल्याने लगेच काही बिघडत नाही आणि म्हणूनच लोक बिनधास्त लिहितात. पण एखाद्या दिवशी खरंच भरली तर क्लस्टर आणि एमबफ मिळून २३०४ बाइट गुणिले दहा लाख, म्हणजे जवळजवळ २.३ जीबी, आणि ही मेमरी डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जात नाही. २ जीबीच्या छोट्या बॉक्सवर कुणी हे केलं तर आधी जिथे नुसतं नेटवर्क मरत होतं तिथे आता अख्खं मशिन मरेल. फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे जाड तांब्याची तार बसवण्यासारखं आहे हे, पुढची आग कुठे लागेल सांगता येत नाही.

परत ठप्प झालं तर रीसेटला हात लावायच्या आधी कन्सोलवर जा, स्क्रीन-कीबोर्ड, सीरियल, आयपीएमआय (सर्व्हरचं लांबून वापरायचं कन्सोल) जे असेल ते. नेटवर्क मेलं तरी कन्सोलवर लॉगिन होतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, बटण दाबून सगळा पुरावा पुसून टाकतात. तिथे 'नेटस्टॅट मायनस एम' मारा. क्लस्टर्सच्या ओळीत चार आकडे दिसतील: सध्या वापरात, कॅशेत पडून, दोन्हींची बेरीज आणि मर्यादा. बघायचा पहिला. बेरीज एकदा वर गेली की बराच काळ वरच राहते, काही डॅशबोर्ड तीच टक्केवारी लाल करून दाखवतात आणि माणूस उगाच घाबरतो. खाली 'रिक्वेस्ट्स डिनाइड' शून्य नसेल तर खरंच नकार मिळालेत. मग 'व्हीएमस्टॅट मायनस झेड' मध्ये एमबफच्या सगळ्या झोनचा (वेगवेगळ्या मापांच्या बफरच्या साठ्यांचा) फेलचा रकाना बघा, कारण कधीकधी २ केची क्लस्टर्स भरपूर असतात आणि संपलेली असतात ४ के किंवा ९ केची. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठ्या फ्रेम) चालू असेल आणि ड्रायव्हर ९ केची क्लस्टर्स मागणारा असेल तर त्याला सलग तीन पानं फिजिकल मेमरी लागते, मशिन बरेच दिवस चालून मेमरीचे तुकडे झाले की ती मिळत नाही, रॅम मोकळी असूनसुद्धा. 'टॉप' मध्ये एखादी प्रोसेस 'झोनलिमिट' वर अडकलेली दिसली तर ती क्लस्टरसाठी रांगेत उभी आहे.

एक फसवा मेसेज सांगून ठेवतो. पिंग मारल्यावर 'नो बफर स्पेस अव्हेलेबल' आलं म्हणजे एमबफ संपले असं नाही. त्या पोर्टची ट्रान्समिटची रांग भरून तुंबली तरी हाच एरर येतो. पलीकडचा स्विच पॉज फ्रेम, म्हणजे 'जरा थांब' असा इशारा, पाठवत बसला असेल तर कार्ड पाठवायचं थांबतं, मागे पॅकेट साचतात, आणि हे सगळं एका पोर्टपुरतं असतं. ही थांबवायची सोय, म्हणजे फ्लो कंट्रोल, दोन्हीकडे बंद करून बघा, ब्रिजवर तसाही तो नकोच.

ब्रिज म्हटला की मला पहिला संशय लूपचाच येतो, इथे जरा थांबून लिहितो. राउटिंगवाल्या फायरवॉलमध्ये पॅकेट गोल फिरलं तर टीटीएल (प्रत्येक टप्प्याला एकने कमी होणारा आकडा) संपून मरतं, ब्रिजला टीटीएल नाही, ब्रॉडकास्ट फ्रेम एकदा फिरायला लागली की कुणी केबल उपटेपर्यंत फिरते. शिवाय ब्रिजवर ब्रॉडकास्ट आलं की कर्नल बाकीच्या प्रत्येक मेंबरसाठी, म्हणजे ब्रिजमधल्या पोर्टसाठी, त्या पॅकेटची पूर्ण प्रत काढतो, फक्त शेवटच्याला मूळ पॅकेट जातं. दोन पोर्टच्या ब्रिजला फरक पडत नाही, पण चार-पाच मेंबर, त्यात व्हीलॅन इंटरफेस असतील तर वादळात एका फ्रेमची चार होतात आणि ती सगळी ट्रान्समिटच्या रांगेत क्लस्टर अडवून बसतात. मी बघितलेल्या एका कारखान्यात दोन ब्रिज फायरवॉल शेजारी शेजारी लावल्या होत्या, एक पडली तर दुसरी म्हणून. एसटीपीमुळे (लूप दिसला की एक वाट बंद ठेवणाऱ्या प्रोटोकॉलमुळे) एक अडवून ठेवलेली होती आणि सगळं ठीक होतं. मग कुणीतरी 'पोर्ट वर यायला अर्धा मिनिट लागतो' म्हणून स्विचवर एसटीपी बंद केलं. त्यानंतर क्लस्टर संपायचे फक्त दुसरी फायरवॉल रीबूट होऊन परत वर आली की, म्हणजे अपडेटच्या रात्री, आणि दोष अपडेटला जायचा.

लूप ओळखायचा कसा? 'आयएफकॉन्फिग ब्रिज० एडीडीआर' दोन-तीनदा मारा, एकच मॅक ॲड्रेस कधी ह्या पोर्टवर कधी त्या पोर्टवर दिसला की झालं निदान. 'नेटस्टॅट मायनस डब्ल्यू १' ने दर सेकंदाचे पॅकेट बघा, ऑफिस बंद असताना लाखात आकडे म्हणजे माणसं नव्हेत ती. स्विचच्या लॉगमध्येही मॅक फ्लॅपिंगची तक्रार असते, पण ते लॉग उघडतो कोण. ब्रिजच्या दोन्ही मेंबरवर एसटीपी चालू करा आणि स्विचवरही राहू द्या.

लूप नसेल तर क्लस्टर धरून ठेवणारे बाकीचे कोण ते एकेक तपासायचं. पीएफ तुकडे जोडण्यासाठी फ्रॅगमेंट थांबवून ठेवतो, पण त्याची डीफॉल्ट मर्यादा ५००० आहे, 'पीएफसीटीएल मायनस एस मेमरी' मध्ये दिसते, म्हणजे एकटा तो ५१२०० संपवू शकत नाही. २५६०० च्या वेळी मात्र उरलेल्या १०२४ ला त्याने सहज गिळलं असणार. डमीनेटच्या (ट्रॅफिकचा वेग बांधणाऱ्या सोयीच्या) पाइपमध्ये प्रत्येक रांग डीफॉल्ट ५० पॅकेटची, पण प्रत्येक आयपीला वेगळी रांग देणारा मास्क लावला असेल तर ५० गुणिले युजर असा हिशोब होतो. मग सॉकेट, फायरवॉलवर एखादा आयडीएस (घुसखोरी ओळखणारा प्रोग्राम) डायव्हर्ट सॉकेटवर, म्हणजे कर्नलकडून पॅकेट वळवून घेणाऱ्या सॉकेटवर, बसवला असेल आणि तो हळू वाचत असेल तर त्याच्या बफरमध्ये पॅकेट साचतात, 'नेटस्टॅट मायनस एएन' मधला रिसीव्ह क्यूचा रकाना फुगलेला दिसेल. टीसीपीडंप ह्या पॅकेट बघायच्या टूलला लोक उगाच दोष देतात, त्याला पॅकेट देणारा बीपीएफ स्वतःच्या बफरमध्ये कॉपी करतो, एमबफ धरून बसत नाही.

पीएफ दोनदा चालतोय का तेही बघून घ्या. ब्रिजच्या 'पीफिल_मेंबर' आणि 'पीफिल_ब्रिज' ह्या सेटिंग दोन्ही १ असतील तर तेच पॅकेट मेंबरवर, ब्रिजवर, परत बाहेर जाताना असं अनेकदा गाळलं जातं. त्याने बफर गळत नाहीत पण सीपीयू जातो आणि रांगा लांबतात. एकच ठेवा, मी मेंबरवर ठेवतो.

खरं लीक शोधायचं असेल तर घाई करून चालत नाही. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) दर पाच मिनिटांनी 'नेटस्टॅट मायनस एम' ची ती एक ओळ, शेजारी पीएफच्या स्टेटची (चालू कनेक्शनच्या नोंदींची) संख्या आणि वेळ, एवढं फाइलमध्ये टाकत राहा. दिवसा वर जाणं नॉर्मल आहे, मला रात्रीचा तळ बघायचा असतो. रोज पहाटे तीनचा आकडा आदल्या पहाटेपेक्षा वर, स्टेट मात्र तेवढेच, आणि रिंग भरून सपाट होण्याची पातळी केव्हाच मागे पडलेली, तर लीक. मग शांत वेळी एकेक पोर्ट डाउन-अप करा. त्या क्षणी आकडा धपकन खाली आला तर क्लस्टर्स त्या पोर्टच्या रिंगमध्ये अडकलेली होती, ड्रायव्हर किंवा फ्लो कंट्रोलकडे बघा. काहीच हललं नाही तर ती कुणाच्याच हातात नाहीत, कोडमध्ये कुठेतरी सोडायची राहून गेली. तिथून पुढे डमीनेट बंद करून दोन दिवस, आयडीएस बंद करून दोन दिवस, असं कंटाळवाणंच काम आहे. डीट्रेस (चालू कर्नलच्या आत डोकावायचं टूल) येत असेल तर एमबफ घेताना आणि सोडतानाचे प्रोब आहेत, स्टॅकनुसार मोजून कुठला रस्ता घेतो आणि परत देत नाही ते पकडता येतं, पण चालू फायरवॉलवर ते जपून.

आता तुमचं पॅनिक. डंप नाही तर काहीच नाही, सगळा अंदाजपंचे कारभार. आरसी.कॉन्फमध्ये 'डंपडेव्ह' ऑटो करा, स्वॅप पार्टिशन आहे ना बघा, 'व्हार/क्रॅश' मध्ये जागा आहे ना बघा, आणि ही सोय चालते की नाही ते रविवारी सकाळी 'डीबग.केडीबी.पॅनिक' १ करून मुद्दाम पाडून तपासा. ही तपासणी कुणी करत नाही आणि ऐन वेळी फोल्डर रिकामं निघतं. बॉक्समध्ये स्वॅप नसेल, नुसतं फ्लॅश असेल, तर १२ पासून नेटडंप आहे, पॅनिक झालेला कर्नल नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनवर डंप पाठवतो. तुम्ही म्हणाल एमबफच संपलेत तर पाठवणार कसा, तर त्याच्यासाठी थोडे एमबफ आधीच बाजूला काढून ठेवलेले असतात. फक्त तो मॅनेजमेंटच्या पोर्टवरून पाठवा, ब्रिजच्या मेंबरवरून नको.

डंप मिळाला की केजीडीबीत (कर्नलच्या डीबगरमध्ये) उघडून आधी फॉल्टचा पत्ता वाचायचा. 'फेटल ट्रॅप १२' आणि पत्ता अगदी लहान, शून्य किंवा हेक्समध्ये १८ वगैरे, म्हणजे नल पॉइंटर, कुठेच न दाखवणारा रिकामा पत्ता. हा प्रकार तुमच्या गोष्टीशी जुळतो, कारण पॅकेटच्या रस्त्यावरचा कोड एमबफ मागताना थांबू शकत नाही, नसेल तर त्याला नल मिळतो, आणि ज्याने तो नल तपासला नाही तो कोड तिथेच पडतो. म्हणजे बफर संपले हे निमित्त, बग दुसऱ्याचा. लिमिट वाढवलं की हा बग दिसेनासा होतो, जात नाही, पुढच्या वादळात परत येतो. पत्त्यात 'डेडकोड' असा वाचता येणारा हेक्स आकडा आला, इनव्हेरियंट्स (जादा तपासण्या) लावलेल्या कर्नलवर तो येतो, तर सोडून दिलेला एमबफ परत वापरलाय. आणि प्रत्येक वेळी बॅकट्रेस (पडताना कुठलं फंक्शन कुणी बोलावलं होतं त्याची यादी) वेगळाच, कधी पीएफ, कधी फाइल सिस्टम, कधी शेड्युलर, तर सॉफ्टवेअर सोडा आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा, रॅम ईसीसी (स्वतःच्या चुका पकडणारी) नसेल तर आधीच लावा.

बॅकट्रेस हातात येईपर्यंत एक स्वस्त प्रयोग करता येतो, दोन्ही मेंबरवरचे टीएसओ (मोठं पॅकेट कार्डाने तोडणं), एलआरओ (आलेली छोटी पॅकेट जोडणं) आणि चेकसम ऑफलोड बंद. ब्रिजमध्ये घातल्यावर एलआरओ आपोआप बंद होतोच, पण कुणाच्या तरी स्क्रिप्टने नंतर परत चालू केलेला मी बऱ्याचदा पाहिलाय, आणि मग छोटी पॅकेट जोडून झालेलं मोठं पॅकेट दुसऱ्या पोर्टमधून जाऊच शकत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: एनएमबीक्लस्टर्स आणि जुन्या आयजीबीच्या ओळी काढून रीबूट, डंपची सोय तपासून घेणं, क्रॉन चालू, मग ब्रिजचं ॲड्रेस टेबल आणि स्विचचे लॉग. क्यू मी इतक्यात कमी करणार नाही, पाच लाखांत २४५७६ काहीच नाहीत आणि आठ कोर असताना एका क्यूवर सगळं ढकलण्यात अर्थ नाही. परत पॅनिक झालं तर बॅकट्रेसच्या वरच्या दहा-पंधरा ओळी आणि त्या आधीच्या तासाभराचा क्रॉनचा लॉग एवढं असलं की पुढचं बोलता येईल.

मधल्या काळात फायरवॉल मेली आणि साहेब डोक्यावर उभे राहिले तर ब्रिजचा एक फायदा आहे, दोन्ही बाजूच्या केबल काढून एकमेकींना कपलरने जोडल्या की नेट चालू, फिल्टरिंग अर्थातच बंद, तेवढा धोका कुणाची तरी परवानगी घेऊनच पत्करा. पण केबल आधी दोन्ही काढा आणि मगच जोडा. दोन स्विचमध्ये वेगळा पॅचकॉर्ड टाकून फायरवॉल तशीच लावलेली ठेवली तर ती रीबूट होऊन वर येईल त्या क्षणी पक्का लूप होतो, आणि मग एमबफ सोडा, दोन्ही स्विचसुद्धा आडवे होतात.